तुमच्या भावाचा पलंग आणि त्यातले राहणारे

वन्सं, तुमच्या भावाला लाकडाचा सांधा घट्ट बसवता येत नव्हता हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात बोलले होते, आणि तुम्ही मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन "नव्या नवरीने असं बोलायचं नसतं" म्हणून गप्प केलंत. मी गप्प बसले. आज त्या सांध्यांमध्ये ढेकणांनी बिऱ्हाडं थाटली आहेत. औषध मारून झालं, पुन्हा मारून झालं, तरी एकेक जण परत येऊन आपापली खोली मागतोय. आता काही मी नवी नवरी राहिलेली नाही, तेव्हा सांगते, चूक तुमच्या भावाची होती. तो पलंग पुढच्या रविवारी भंगारवाला तोडून नेणार आहे आणि मी म्हणते, सुटले.

एवढं आधी बोलून मोकळी झाले म्हणजे पुढचा नमस्कार मनापासून करता येतो. तर तो. वन्संना वाकून नमस्कार. (खरी वाकत नाही, कंबर धरली आहे, पण कागदावर वाकायला काय लागतं.) तुमचे गुडघे कसे आहेत, जिना चढता का, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? तुमची सून गोळ्या वेळेवर देते का, की तुम्हीच जिभेखालून काढून कुंडीत टाकता? मला माहीत आहे तुम्ही टाकता. मी बरी आहे. डोळ्याखालचं काळं अजून गेलं नाही, मागच्या जागरणांची पेंग अजून दिवसभर येते, आणि भाजी चिरता चिरता माझी अशी तंद्री लागते की सुरी कुठली आणि दुधी कुठला ते कळत नाही. पण बरी आहे. तुम्हाला माहीतच आहे की मी दुसरी यत्ता अर्धी शिकले, पूर्णविराम कुठे द्यायचा ते शिकवायच्या आत माझी शाळा सुटली, म्हणून जिथे मला दम लागतो तिथे मी तो देते. सांभाळून वाचा.

आता तुम्ही म्हणाल की पलंगात काय वाईट होतं. वाईट काही नव्हतं, तो पलंगच नव्हता. तुमच्या भावाने जन्मभर कारखान्यात खिडक्या केल्या. सकाळी चौकट, दुपारी झडप, संध्याकाळी भुसा झटकून घरी. त्या माणसाला लग्नाआधी कुणीतरी सांगितलं की बायको येणार, पलंग कर. झालं, उरलेल्या फळ्या गोळा करून त्यांनी पलंग केला तो खिडकीच्या हिशोबाने. ओलाव्यात लाकूड फुगतं, मग झडप अडकते, म्हणून खिडकीला चहूबाजूंनी नखभर फट सोडतात. यांनी पलंगाला सोडली. प्रत्येक सांध्याला, प्रत्येक खुंटीला. मी विचारलं, अहो, हा पलंग काय उघडायचाय का कुणाला? तर म्हणाले, लाकडाला श्वास घ्यायला जागा पाहिजे. लाकडाने घेतला की नाही देव जाणे, पण पुढे ज्यांना श्वासाला जागा पाहिजे होती त्यांनी बरोबर हेरली. आणि हे कमी म्हणून उशाशी, जिथे लोक फूलपान कोरतात, तिथे त्यांनी एक खरी खिडकी बसवली. वितभर रुंद, दोन झडपा, बिजागऱ्या, कडीसुद्धा. उघडली की समोर भिंत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, हात थांबेना. असा माणूस तुम्ही माझ्या गळ्यात घातलात.

(तुम्ही एकदा बाळंतपणाहून येताना आमच्याकडे राहिला होतात, तेव्हा त्याच पलंगावर झोपला होतात आणि रात्रभर कडी वाजते म्हणून कुरकुर केली होती. आठवतं का? कडी वाजत नव्हती, तुम्ही घोरत होतात.)

तर झालं असं की, हिवाळा सरता सरता घरात सगळे खाजवू लागले. मुलाच्या मानेवर एका ओळीत गांध्या, सुनेच्या दंडावर गांध्या, माझ्या पोटऱ्यांवर गांध्या. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, ढेकूण. मुलगा म्हणाला, पित्त. सून म्हणाली, साबण बदलला म्हणून असेल. तुम्हाला ठाऊक आहे, मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. दिवसभर भिंतीवरची बारीक अक्षरं लोकांना वाचायला लावतो आणि स्वतःच्या उशीवरून चाललेला प्राणी त्याला दिसत नाही. रोज नमुन्याच्या चष्म्यांची ती मखमली पेटी घेऊन घरी येतो, उशाशी ठेवून झोपतो, जणू रात्री कुणी त्याला उठवून चष्मा मागणार आहे. शेवटी एका सकाळी त्याच्या पांढऱ्या उशीवरून एक चांगला पोट भरलेला असामी निघाला, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा. मुलाने भिंग आणलं आणि त्याच्याकडे इतका वेळ बघत बसला की मला वाटलं, आता याचाही नंबर काढतो.

त्यानंतर आमच्या घरात ढेकूण या शब्दाला बंदी झाली. मुलगा नुसतं "ते" म्हणतो. सून "तो प्रॉब्लेम" म्हणते. ती त्या कंपनीत आहे ना, जिथे दिवसभर लोक फोन करून भांडतात आणि हिने गोड आवाजात ऐकून घ्यायचं. तोच आवाज ती घरी आणते. मी म्हटलं, अगं, रात्रभर फोडून खाल्लं मला, तर म्हणते, तुमचा त्रास मी समजू शकते, आपण लवकरात लवकर यावर काम करतोय. मला वाटलं आता मागे वाजंत्री सुरू होणार आणि मी थांबून राहायचं.

मग औषधवाला बोलावला. चांगला पाठीवर टाकी, तोंडाला मुसकं, हातात नळी, आणि खाली गाडी, गाडीवर बैलाएवढा ढेकूण रंगवलेला. मुलगा धावत जाऊन म्हणाला, गाडी जरा कोपऱ्यापलीकडे लावा. त्याने लावली आणि टाकी पाठीला अडकवून अख्ख्या गल्लीतून चालत आला, म्हणजे गाडी बघून ज्यांना कळलं नसतं त्यांनाही कळलं. माणूस मात्र शिस्तीचा. कुणाच्या घरी बसत नाही. खुर्ची दिली तर खुर्चीकडे असा बघतो की खुर्चीला लाज वाटावी. चहासुद्धा उभ्याने, भिंतीपासून लांब. आणि एका घरचं दुसऱ्या घरी बोलत नाही. हे तो स्वतःच सांगतो, छातीवर हात ठेवून, की डॉक्टर आणि आपण, पोटात ठेवायचं. वन्सं, या पोटात ठेवण्याने आमची काय वाट लागली ते पुढे येतंच.

त्याने येण्याआधी फोनवर सांगितलं होतं की कापडचोपड गरम पाण्यातून काढा, पिशव्यांत बांधा, आणि सगळं घरातच राहू द्या. घरातच, हे त्याने दोनदा सांगितलं. पण सुनेला वाटलं, विषारी औषध, उशांत मुरेल, मग त्याच उशांवर तोंड ठेवून झोपायचं? आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. म्हणून उशा आणि रजया गाठोडं बांधून समोरच्या दारी नेल्या. समोर शिवणवाली राहते, पडदे शिवते, एकटीच असते, मनाने चांगली, तोंडाने माझ्यासारखी. तिला काय सांगायचं? सुनेने त्या गोड आवाजात सांगितलं की पंखा बसवायचाय, भिंतीची धूळ उडेल, जरा गाठोडं ठेवता का. ती म्हणाली, ठेवा की, त्यात काय विचारायचं. माणुसकी बघा. मलाही भरून आलं. (येत नाही मला सहसा.)

औषध मारलं. घराला नव्या चपलेचा आणि करपलेल्या दुधाचा वास सुटला. जाताना औषधवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, तुम्ही आपल्या नेहमीच्या पलंगावरच झोपायचं. जागा बदलायची नाही. तुमच्या ओढीने ते बाहेर येतील आणि औषधावरून चालतील." म्हणजे गळाला लावायचं गांडूळ मी. मी म्हटलं, बाबा, तुझ्या तोंडात साखर पडो, आजवर माझ्या ओढीने कुणी बाहेर आलेलं नाही, सगळे मला बघून आतच गेलेत. तो हसला नाही. पोटात ठेवलं असेल.

आणि खरंच शांत झालं हो. उशा परत आणल्या, शिवणवालीचे आभार मानले, थोडे दिवस सगळ्यांचे चेहरे उजळले. मग पुन्हा सुरू. आधी मुलाची मान, मग माझ्या पोटऱ्या. सून म्हणाली, खाज मनाची असते. मी म्हटलं, हो, आणि हे रक्त चादरीचं असतं.

त्यातच एक दिवस शिवणवाली दारात. म्हणाली, "आजी, घराला रंग काढतेय, गिऱ्हाइकांचे पडदे आहेत, डाग पडले तर माझं दुकान बसेल. तुमच्याकडे ठेवू का?" तिने आमच्या उशा ठेवल्या होत्या, नाही कसं म्हणणार? पण पडदे काय, घडी मोडली की पुन्हा इस्त्री. म्हणून आम्ही घरभर दोऱ्या बांधल्या आणि तिचे सगळे पडदे टांगले.

वन्सं, त्या दिवसांबद्दल मला नीट सांगता येणार नाही, पण सांगते. झोप नव्हतीच, डोक्यात कापूस भरल्यासारखं झालेलं, आणि घरात भिंतीच उरल्या नाहीत, नुसते पडदे. निळे, मोतिया, एक हिरवा होता पाण्याच्या तळासारखा. दुपारचं ऊन खिडकीतून यायचं ते एकेका पडद्यातून गाळून माझ्यापर्यंत पोचायचं तोवर त्याचा रंग कुठला ते सांगता यायचं नाही. घरातली माणसं पडदा बाजूला सारून यायची आणि जायची, पुढच्या पडद्यामागे नाहीशी व्हायची. मुलगा आणि सून भांडायला लागले की एकमेकांना शोधण्यातच भांडण संपायचं. एकदा सून त्या हिरव्या पडद्याआडून म्हणाली, "आई, चहा ठेवू का?" आणि आवाज तिचा स्वतःचा होता, फोनवरचा नव्हता. मी म्हटलं, ठेव. बस, एवढंच. पण आठवतं.

त्यातल्याच एका दुपारी तुमच्या भावाच्या पलंगावर पडले असताना उशाशी कडी वाजली. मी डोळे न उघडताच बघितलं (झोपेत बघता येतं असं) तर खिडकी उघडलेली, आणि पलीकडे भिंत नाही, कारखाना. भुशाचा वास. ते वाकून रंधा मारतायत, कानावर पेन्सिल, लाकडाची साल कुरळी होऊन पायाशी पडतेय. समोर ढेकणांची रांग, शिस्तीत, कुणी ढकलाढकली करत नाही, आणि हे त्यांच्यासाठी तांदळाएवढ्या चौकटी करतायत, एकेकाला देतायत. मी म्हटलं, अहो, त्यांना कसल्या खिडक्या देता, ते आपलं रक्त पितात. तर हातातलं काम न थांबवता म्हणाले, आपलंच पितात ना, मग लांबचे कसे? आणि मला पटलं हो तेव्हा. म्हटलं, खरंच की, माझं, मुलाचं आणि त्या सुनेचं रक्त एका पोटात सुखाने नांदतंय ते या घरात त्यांच्याच. मग मी म्हटलं, बरं, पण निदान सांधा तरी घट्ट बसवा. ते म्हणाले, राहू दे जराशी फट. जन्मभर मला त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, स्वप्नातही दिलं नाही, नुसती फट ठेवली. जाग आली तेव्हा पडदा हलत होता आणि पोटरीला नवी गांधी होती.

शिवणवाली पडदे घेऊन गेली, आणि आमच्याकडे ढेकूण दुप्पट झाले. औषधवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने दारातच विचारलं, मागच्या खेपेला उशा घरात होत्या ना? सून म्हणाली, "हो, म्हणजे, तशा शेजारी होत्या." औषधवाल्याने डोळे मिटले. मग मान वळवून समोरच्या बंद दाराकडे असा बघत राहिला की मी काय ती समजले. तेवढ्यात ते दार उघडलं आणि शिवणवाली बाहेर आली. त्याला बघून पांढरी पडली. तो म्हणाला, "ताई, तुमचे पडदे?" ती म्हणाली, "रंग होता म्हणून समोर..."

म्हणजे बघा. हा गृहस्थ आमच्याकडे औषध मारून गेला, मग तिच्याकडे मारून गेला, दोन्हीकडे छातीवर हात ठेवून गप्प राहिला. आमचे ढेकूण उशांतून तिच्याकडे राहायला गेले, तिच्याकडे औषध मारलं तेव्हा पडद्यांच्या शिवणींतून आमच्याकडे आले. औषध मारायच्या दिवशी ते दर वेळी शेजारी पाहुणे. आम्ही पंखा म्हणालो, ती रंग म्हणाली, लाजेपोटी दोन्ही घरं खोटं बोलली आणि माणुसकीपोटी दोन्ही घरांनी गाठोडी ठेवून घेतली. मी शिवणवालीला म्हटलं, "काय गं, रंग कुठला दिलास?" ती म्हणाली, "तुमचा पंखा फिरतो का आधी सांगा." आणि मग आम्ही दोघी जिन्यात भिंतीला धरून जे हसलो, औषधवाला बिचारा टाकी घेऊन उभाच.

मग ठरलं, दोन्ही घरांना एकाच दिवशी औषध, आणि गाठोडी आतच. मुलगा तेवढी आपली मखमली पेटी वाचवून दुकानात घेऊन गेला, दर वेळी नेतो, म्हणतो मखमलीला औषध लागलं तर गिऱ्हाइकाच्या नाकाला लागेल. बाकी आम्ही सगळे जिन्यात बसलो. दारांना फटींवर चिकटपट्ट्या लावलेल्या, आत धूर, बाहेर आम्ही. जाळीतून उन्हाचे चौकोन पायऱ्यांवर पडले होते आणि हळूहळू एकेक पायरी उतरत होते. शिवणवाली रिकाम्या बोटांनी हवेत टाके घालत होती, तिला कळतही नव्हतं. सून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. माझा हात मुंगळे चावल्यासारखा झाला, तरी हलवला नाही. (प्रेम वगैरे नाही, उठली असती तर पुन्हा फोनवरचा आवाज सुरू झाला असता.) मला वाटलं, असेच सगळे जिन्यात राहिलो तरी चालेल, घर त्यांनाच देऊन टाकू.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दहापाच दिवसांनी मुलाच्या मानेवर पुन्हा गांध्या. फक्त त्याच्याच. तो पेटलाच. म्हणाला, आता पुरे, हे सगळं त्या पलंगामुळे, त्याला जागोजाग फटी आहेत, किती औषध मारणार, मोडून टाकायचा. औषधवाला पुन्हा उभ्याउभ्याच म्हणाला की मोडायची गरज नाही, चांगला उन्हात तापवा आणि फटींत लांबी भरा, खिडकीच्या काचेला लावतात तीच, चालून जाईल. मुलगा म्हणाला, नको, डोक्याला ताप. लगेच माझ्यासाठी लोखंडी पलंग आणला. गुळगुळीत, पांढरा, एक फट नाही, ढेकणाचा पाय ठरणार नाही. तुमच्या भावाचा तो पलंग गॅलरीत भिंतीला उभा करून ठेवलाय, पाय वर, एखाद्या उलट्या पडलेल्या मेंढीसारखा. येता जाता दिसतो. पुढच्या रविवारी भंगारवाला कुऱ्हाड घेऊन येणार.

लोखंडी पलंगावर मला झोप फार छान लागते. खोटं कशाला सांगू. डोळे मिटले की रात्र, उघडले की सकाळ. मधे काहीच नाही. कडी वाजत नाही, भुशाचा वास नाही, कुणी मला उत्तर द्यायचं टाळत नाही. नुसती झोप. सकाळी उठून बघते तर मी जशी होते तशीच, कुठे जाऊन आल्यासारखं वाटत नाही. सून विचारते, आई, आता बरं वाटतं ना? मी म्हणते, हो, तुझं तक्रारनिवारण झालं. दोन दिवसांपूर्वी दुपारी गॅलरीत गेले होते, वाळत घातलेलं आणायला, तर त्या उलट्या पलंगाची ती झडप वाऱ्याने उघडी पडली होती आणि त्यातून समोरचं आकाश दिसत होतं. इतकी वर्षं भिंतच दिसली हो तिच्यातून. मी बंद केली. वारा लागून आपटत होती म्हणून.

असो. एक कटकट जातेय, आनंद आहे. तुम्हाला मुद्दाम कळवलं एवढ्यासाठी की तुमच्या भावाच्या हातची वस्तू होती, उद्या कुणी म्हणायला नको की परस्पर मोडली. तुमच्या सुनेला आशीर्वाद. गोळ्या कुंडीत टाकू नका, झाड मरेल.

तुमची भावजय

ता. क. पाकीट फोडायच्या आधी उन्हात ठेवा असं पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. आता वाचून झालंच असेल तर कागद झटका, आणि अंथरुणावर नको, बाहेर.

ता. क. दुसरं. तुम्ही आत्या आहात. तो माझं ऐकत नाही, बायकोचं अर्धं ऐकतो, पण आत्याने डोळे वटारले की अजून खाली बघतो, एवढा मोठा झाला तरी. म्हणून त्याला लिहा की पलंग माझ्या भावाच्या हातचा आहे, मोडायचा नाही, फटींत लांबी भर, उन्हात तापव आणि आईच्या खोलीत होता तिथे ठेव. मला सांगता येत नाही. लग्नापासून मी त्या पलंगाला नावं ठेवत आले, भिंतींना पाठ आहेत, आता कुठल्या तोंडाने म्हणू की राहू दे? आणि हेही लिहा की सांधे खुशाल बुजव पण उशाची खिडकी बुजवायची नाही. तिला फट लागतेच, नाहीतर झडप उघडत नाही. खिडक्या करणाऱ्याच्या बहिणीला हे माहीत असणार, त्यामुळे तुम्ही लिहिलंत तर कुणाला नवल वाटणार नाही.

ता. क. तिसरं. पलंग गॅलरीत उभा आहे आणि तरी परवा मुलाच्या मानेवर पुन्हा गांध्या उठल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो अंघोळीला गेला तेव्हा मी ती मखमली पेटी उघडली. दर वेळी औषधापासून वाचवलेली ती. तळाच्या मखमलीच्या शिवणीत बसले होते, बायकामुलांसह. मी पेटी पुन्हा लावून जागच्या जागी ठेवली. अजून कुणाला बोलले नाही. त्याच पेटीतून तो रोज लोकांच्या नाकावर चष्मे ठेवतो, बायकोदेखत त्याची मान खाली घालायला लावणं मला बरं वाटत नाही. रविवारनंतर मी आणि तो दोघेच असताना पेटी उन्हात ठेवायला सांगेन. पण तुमचं पत्र रविवारच्या आत आलं नाही तर भंगारवाल्यासमोर उघडीन, मग काय व्हायचं ते होऊ दे.

म्हणून उत्तर मला पाठवू नका. मुलाच्या नावाने पाठवा, त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा. तुमच्या सुनेला लिहायला बसवू नका, ती गोड लिहील, आणि मला रागावलेली आत्याच पाहिजे.